धार कोण काढणार

बारामतीच्या कोविड सेंटरमधून सोमनाथ निमगाव केतकीला परत आला, तेव्हा मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि गावात कुणी कुणाच्या दारात उभं राहत नव्हतं. सुटताना डॉक्टर म्हणाले होते, "आता तुमच्यापासून कुणाला काही धोका नाही, आणि तुम्हालाही लगेच पुन्हा व्हायचा नाही. अशक्तपणा तेवढा सांभाळा." हे सोमनाथला पटलं होतं, पण गावाला कोण पटवणार? चौकातल्या किराणा दुकानदारानं त्याला पाहिलं आणि साखरेची पुडी काठीच्या टोकाला लावून पुढं केली. शेजारच्या बायका तो ओट्यावर आला की आपापली दारं ओढून घ्यायच्या.

सोमनाथ बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर होता. पुरतं बरं वाटेपर्यंत कामावर येऊ नका, असं कंपनीनं कळवलं होतं. बायको प्रियदर्शनी मुलीला घेऊन पिंपळीला माहेरी अडकली होती. घरात तो आणि त्याचे वडील, गंगारामआबा. आबांनी लस घेतली होती, तोंडाला उपरणं बांधून ते बाजेवर बसून राहायचे आणि मुलगा खोकला की मान वर करून बघायचे.

त्या दिवशी चार वाजायच्या सुमाराला मेघना आली. मेघना म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, राहायला त्यांच्याच बौद्धवस्तीत. दिवसभर ताप आणि ऑक्सिजन मोजत घरोघर फिरून तिचा चेहरा पार उतरला होता. ओट्याच्या खालीच टेकत ती म्हणाली, "सोमाभाऊ, काय सांगू तुमाला. माणसं मरायला तयार हायती, पण गोठा सोडायला तयार न्हाईत."

"का, काय झालं?"

"मळ्यातल्या धोंडाकाकी. सोपानतात्या बारामतीला ऑक्सिजनवर हायती. पोरगा सूरज आणि त्याची बायको पुण्यात, ती दोघं बी पॉझिटिव्ह. हितं काकी एकटी. आज ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी भरला. बारामतीला बेड मिळवला मी, गाडी बी ठरवली. तर म्हणती, मी गेल्यावर गाईंची धार कोण काढणार?"

"भावकीतलं कुणी न्हाय?"

"सगळ्यांना इचारलं. जो तो बांधावरनं सल्ला देतोय. गोठा घराला चिकटून हाय ना, त्या घरात रोग हाय म्हणल्यावर कोण जाईल?" तिनं पदरानं घाम पुसला. "आणि काकींचंच न्हाय. असली चार-पाच घरं हायती माझ्याकडं. सगळ्यांचं एकच."

तिनं सोमनाथला 'तुम्ही जाता का' असं विचारलं नाही. तो नुकताच मरणाच्या दारातून आलेला माणूस. तसं विचारायला तिची जीभच रेटली नसती. पण सोमनाथच्या डोळ्यांपुढं बारामतीचा तो लांबलचक हॉल उभा राहिला. त्याला उठून पाणी पिता येत नव्हतं, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे सांगवीचे एक म्हातारे बाबा आपला सलाइनचा हात सांभाळत त्याला मोसंबीची फोड भरवायचे. नाव विचारलं, गाव विचारलं. पुढचा प्रश्न आडनावाचा येणार म्हणून सोमनाथ वाट बघत होता. तो प्रश्न काही आला नाही. आली ती पुढची फोड.

"मी येतो," सोमनाथ म्हणाला. "लहानपणी आपल्याकडं म्हस होती, मला धार येती. आणि मला आता कुणाचा रोग लगेच लागायचा न्हाय. डॉक्टरच म्हणालेत."

बाजेवरून आबा बोलले, "कुठं निघालास?"

"सोपानतात्याच्या मळ्यात."

आबांनी तोंडावरचं उपरणं नीट केलं. मग म्हणाले, "त्या मळ्यात मी उन्हाळं-पावसाळं राबलोय. गोठ्याचं शेण मी काढायचं, वैरण मी टाकायची. पण कासंला हात लावायची येळ आली की म्हणायचे, तू सर बाजूला. दुधाला माझा हात चालत नव्हता त्यांना. आता तुझा चालंल व्हय?"

सोमनाथनं पायात चपला घातल्या. "आबा, नको म्हणत असला तर न्हाय जात."

"मी कुठं नको म्हणलो," आबा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

मळा गावाबाहेर, कालव्याच्या अंगाला. एका बाजूला वांगी, दुसऱ्या बाजूला दोडक्याचे मांडव. तोडणी झालीच नव्हती, दोडकी वाळून नुसती लोंबत होती. पडवीत धोंडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक वाक्य बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं. गोठ्यात दोन गाई, तांबडी आणि हौशी, ठणाणा हंबरत होत्या. सकाळची धार कशीबशी निम्मीच निघाली होती.

"कोण, गंग्याचा सोमा?" धोंडाबाई म्हणाल्या.

"व्हय काकी. तुमी दवाखान्यात जावा. धार मी काढतो."

धोंडाबाईंनी मेघनाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्यांच्या मनात काय चाललंय हे ओळखायला सोमनाथला फार डोकं लावावं लागलं नाही. तो तसाच उभा राहिला. त्यानं विनवणी केली नाही आणि तो मागंही फिरला नाही. तेवढ्यात हौशीनं पुन्हा हंबरडा फोडला आणि धोंडाबाईंचा चेहरा पिळवटला.

"आज सांजची धार चुकली तर कास सुजून दगडी धरंल तिच्या," त्या म्हणाल्या. "काढ बाबा. पण मला दिसू दे. माझ्या डोळ्यादेखत काढ, मग जाते मी."

तांबडी गरीब होती. तिनं वासरू लावताच पान्हा सोडला. सोमनाथची बोटं सुरुवातीला अडखळली, मग हाताला जुनी लय सापडली आणि बादलीत धारेचा आवाज घुमू लागला. पण हौशी जवळच येऊ देईना. तो खाली बसला की ती अंग चोरायची, आणि शेवटी तिनं अशी लाथ झाडली की बादली एकीकडं आणि सोमनाथ दुसरीकडं. दवाखान्यातून आलेलं ते अंग; उठून उभं राहायलाही त्याला खुंट्याचा आधार घ्यावा लागला.

"तिला गड्याची सवय न्हाय," पडवीतून धोंडाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना बी शिवू देत न्हाय. माझं लुगडं न्हेसल्याबिगर ती उभी राहायची न्हाय."

"लुगडं?" सोमनाथ म्हणाला.

"दांडीवर हाय बघ. हिरवं. कालपरवा मीच न्हेसलेलं, धुतलेलं न्हाय. तिला वास कळतो."

आतापर्यंत रडकुंडीला आलेली मेघना पदर तोंडावर घेऊन हसू लागली. सोमनाथनं दांडीवरचं लुगडं ओढलं, पँटवरूनच कसंबसं गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि हौशीच्या कडेला बसला. गाईनं मान वळवून त्याला हुंगलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. तिची समजूत पटली की तिला दया आली, कोण जाणे, पण तिनं पाय सैल सोडले. दूध उतरलं.

"तिच्याशी बोल," धोंडाबाई सांगत होत्या. "गप बसलास तर कळंल तिला."

"काय बोलू?"

"काय बी बोल. पोरीशी बोलतोस तसं."

मग डोक्यावर पदर घेतलेला सोमनाथ हौशीला पिंपळीला गेलेल्या आपल्या मुलीच्या गोष्टी सांगत राहिला. धार संपली तेव्हा गाडी येऊन थांबली होती. मेघनाच्या आधारानं धोंडाबाई उठल्या. गाडीत बसताना त्यांनी गोठ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हौशीला पेंड जरा जास्ती घाल. आणि रात्री वासरू मोकळं सोडू नको." एवढंच. घराची किल्ली त्यांनी मेघनाला न देता सोमनाथच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध घेऊन डेअरीवर गेला. डेअरीवरचा माणूस म्हणाला, "त्या घरात रोगी हाय. लोक ओरडत्याल. थोडं दिवस नको." खरं कारण तेवढंच होतं की आणखी काही, हे सोमनाथनं विचारलं नाही. किटली मेघनाकडं नेऊन ठेवली. हायस्कूलमध्ये विलगीकरणाच्या खोल्या होत्या, तिथं चहालासुद्धा दूध मिळत नव्हतं. मेघनानं ते चांगलं उकळवून हळद घालून सगळ्यांना दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथले लोक दुधाच्या वाटेकडं डोळे लावून बसले होते.

मग दुसऱ्या घरातून फोन आला, मग तिसऱ्या. सोमनाथ एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाईपर्यंत त्याचे पाय लटपटायचे. दुपारी तो घरी येऊन पडायचा तो मेल्यासारखा. शेवटी तो मेघनाला म्हणाला, "माझ्यासारखी बरी होऊन आलेली अजून कोण हायती गावात?"

मेघनानं जरा आठवून पाहिलं. बरीच होती. आपापल्या घरात बसून होती, कारण बाहेर पडलं की लोक तोंड फिरवत. सुयोग नावाचा पिकअपवाला होता, तो हसत हसत म्हणाला, "आमाला बाजारात कुणी जवळ करंना. गोठ्यात तरी करत्याल." दगडाबाई नावाची एक म्हातारी होती, तिनं तर सोमनाथची धार काढायची तऱ्हा बघून त्याला उठवलं आणि स्वतःच बसली. हळूहळू सात-आठ जण जमले. घरातलं माणूस दवाखान्यात निघालं की मेघना आधी विचारायची, "गोठा कुणाकडं द्यायचा?" मग माणूस ऐकायचं. गाडीत बसायचं.

सगळंच काही गोड झालं नाही. शिवेवरच्या एका घरातला कर्ता माणूस बारामतीहून परत आलाच नाही. बातमी आली तेव्हा सोमनाथ त्याच्याच गोठ्यात होता. त्याची बायको दारात बसून होती. त्यानं धार पुरी केली, दूध चुलीपाशी ठेवलं आणि तो ओट्याच्या कडेला नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "उद्या बी येशील न्हवं?" तो म्हणाला, "येतो, वहिनी."

त्यानंतर त्याला कणकण भरली. तपासणीत काही निघालं नाही, नुसता थकवा. पण एका सकाळी अंथरुणातून उठवेना. मळ्यातल्या गाईंचं काय, म्हणून तो सुयोगला फोन लावायला गेला, तर मोबाईलशेजारची किल्ली जागेवर नव्हती. बाज रिकामी होती.

तो धडपडत मळ्यात पोचला तेव्हा सूर्य वर आला होता. गोठा लख्ख झाडलेला. आबा हौशीच्या कडेला उकिडवे बसले होते, डोक्यावर हिरवं लुगडं, आणि बादली काठोकाठ आली होती. मुलाची चाहूल लागली तरी ते थांबले नाहीत.

"आबा, तुमी कशाला?"

"गाईनं काय घोडं मारलंय माझं," आबा म्हणाले. मग हात न थांबवता पुन्हा म्हणाले, "हिची आजी मी चारलेली हाय. तिला बी अशीच खोड होती."

पुढं रोज सकाळची मळ्याची धार आबांची झाली. घर रिकामं होतं, गोठा मोकळा, त्यामुळं धोका नव्हता. आल्यावर त्यांना भूकही लागायची.

आधी सोपानतात्या आले, काठी टेकत. धोंडाबाई त्यांच्यामागून आल्या. पोचवायला आलेल्या गाडीतून उतरून त्या घरात गेल्याच नाहीत, थेट गोठ्यात शिरल्या. आबा तिथंच होते. धोंडाबाईंनी तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला, हौशीची कास दाबून पाहिली, मऊ होती. मग त्यांनी आबांकडं पाहिलं. उभा जन्म त्यांनी ह्या माणसाला 'गंग्या' म्हणूनच हाक मारली होती.

"गंगारामभाऊ," त्या म्हणाल्या. दम लागल्यासारखं करून त्या खाली टेकल्या.

आबांनी डोक्यावरचं लुगडं काढून नीट घडी घातली. "धुवायला झालंय," ते म्हणाले. "पण एवढ्यात धुऊ नका."

सोपानतात्या पडवीतून म्हणाले, "भाऊ, बसा. आज जेवूनच जावा." आबांनी हातपाय धुतले, कालव्याकडं बघत थोडा वेळ उभे राहिले आणि मग पडवीत जाऊन तात्यांच्या शेजारी बसले.

जूनच्या तोंडाला गावातली लाट ओसरली, पण पलीकडच्या वाडीत दोन घरं अजून आजारी होती. सोमनाथ गाडीला किक मारत होता तेव्हा मळ्याच्या वाटेनं धोंडाबाई येताना दिसल्या. पदर खोचलेला, तोंडाला मास्क, हातात स्वतःची चरवी.

"कुठं निघालात काकी?"

"मेघी म्हणाली वाडीत माणूस कमी पडतंय. मला बी झालाय न्हवं रोग, मग मला काय भ्या हाय?"

"तुमाला झेपंल का अजून?"

"एका म्हशीची धार न झेपाय मी काय म्हातारी झाले? सर पुढं."

त्या मागं बसल्या. खड्ड्याखड्ड्यांतून गाडी हेलकावत निघाली आणि वाडी येईपर्यंत धोंडाबाई त्याच्या खांद्याला धरून सांगत राहिल्या की गाडी हळू चालव, चरवी चेपंल, आणि म्हशीपुढं मधी-मधी बोलू नको, म्हशीला गाईसारखी बडबड आवडत न्हाय.