वजा केलेली कड

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. डोंगरावरच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकडीच्या पोटात बसून मी आकाश ऐकायचो. आता जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांशेजारी पडून आहे. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

ताऱ्यांच्या अधेमधे वायूचे थंडगार, अवाढव्य ढग असतात. ताऱ्यांचा उजेड त्यांना बाहेरून सोलत असतो. कडेवरचे रेणू फुटतात, कार्बनचे अणू सुटे होतात आणि अगदी क्षीण आवाजात बोलू लागतात. तो आवाज ऐकायलाच मला घडवलं होतं.

आमची ताई तिथली तरुण संशोधक. एका ढगाची ही कड सगळे समजतात त्याहून खूप लांबवर पसरली आहे, असं तिचं म्हणणं होतं. ते सिद्ध झालं तरच तिची नोकरी टिकणार होती.

आमच्या कामाची एक रीत आहे. आधी ढग ऐकायचा, मग शेजारचं कोरं आकाश ऐकायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. म्हणजे हवेचा गोंगाट निघून जातो. ही कोरी जागा इथले प्रमुख असलेल्या सरांनी ऐन तारुण्यात ठरवलेली, म्हणून सगळे डोळे मिटून तीच घ्यायचे. आणि ती मुळी कोरी नव्हतीच हो! तिथेही त्याच कडेवरचा कार्बन बोलत होता. मी दोन्हीकडे तेच ऐकायचो आणि वजाबाकीनंतर पडद्यावर उरायची सपाट रेघ.

"सर, कोरी जागा आणखी लांब घेऊन बघू या का?"

"अगं, इतकी वर्षं आम्ही हीच वापरतोय. लांबची घेतली तर निम्मा वेळ तबकडी फिरवण्यातच जाईल. जिथे काही नाहीच, तिथे तुला काय दिसणार?"

"एकदाच, सर."

"पुढचे लोक खोळंबलेत. आवर आता."

मला बर्फाहून थंड ठेवलेलं असायचं, तरी मी जळफळत होतो. पण मला तोंड कुठे होतं? ताई सामान घेऊन डोंगर उतरली.

पुढे माझ्या जागी नवा रिसीव्हर आला. तबकडीची मोटरही चपळ आली, म्हणून कोरी जागा लांब नेली, आणि कड लख्ख दिसली. सरांचा सत्कार झाला. त्यांच्या भाषणात ताई नव्हती. मीही नव्हतो.

परवा तुमची सहल इथे आली होती ना? तुमच्या विज्ञानाच्या बाई जिन्यापाशी थांबल्या. मी पाहताक्षणी ओळखलं, ती आमची ताईच. तिने रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली. तेवढ्यात तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं, "बाई, काय आहे तिथे?"

"काही नाही रे. चला पुढे."

ताई, हे तू म्हणावंस?

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. पण 'इथे काही नाही' असं कुणी सांगितलं, तर त्यातून आधी काय वजा केलंय ते विचारा. आणि उद्या वर्गात बाईंनाही विचारा, त्या ढगाच्या कडेला काय होतं. त्यांना पक्कं ठाऊक आहे.