धुतलेले दगड

घड्याळजींनी मनगटावरचं घड्याळ काढून माशांच्या टाकीच्या काचेजवळ धरलं आणि थोरलीचे श्वास मोजले. मिनिटाला एकशे तीस. एरवी ती ऐंशीच्या पुढे जात नसे. धाकटा तर पाण्याच्या वरच्या थरापाशी तोंड उघडून लटकला होता.

खाऱ्या पाण्यातले हे दोन केशरी मासे त्यांच्या बायकोने नऊ वर्षं पोटच्या पोरांसारखे वाढवले होते. शिवणकामातून थोडं थोडं मागे टाकून तिने एका दंतवैद्याच्या दवाखान्यातली वापरलेली, मोठी टाकी मिळवली होती. पैसे कमी पडले तेवढ्यासाठी आधीची लहान टाकी विकली. म्हणजे परतीचे दोर कापलेलेच होते.

"नवीन जागा आहे, बुजले असतील," बायको म्हणाली. काल ती कपडे पोचवायला बाहेर गेली होती आणि मासे हलवायचं काम विश्वासाने नवऱ्यावर टाकून गेली होती.

"असतील." त्यांनी घड्याळ पुन्हा काचेजवळ धरलं.

चाळीस वर्षं घड्याळाचं एकेक चाक ब्रशने घासून बसवणारा हा माणूस. लहान टाकीतले समुद्री दगड बाहेर काढले, तर त्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर. नव्या टाकीत ही घाण कशाला? नळाखाली धरून त्यांनी दगड न् दगड लख्ख केला होता. वाळू धुतली, फिल्टरचा स्पंजही पिळून काढला. संध्याकाळी दमून आलेली बायको दारातूनच म्हणाली होती, "काय सुरेख दिसतंय हो!" तेव्हा ते लाजलेही होते.

दुपारपर्यंत धाकटा एका कुशीवर कलला. बायकोने मशीन थांबवलं.

"बादली आणा. कालवलेलं मिठाचं पाणी उरलंय ना? त्यात घाला दोघांना. दुकानात नेऊ."

बादलीची कडी दोघांनी धरली. घड्याळजींची नजर पाण्यावर, त्यामुळे ते फुटपाथच्या कडेला दोनदा ठेचकाळले.

"समोर बघा. तुम्ही पडलात तर कोणाला आधी उचलू?"

घरच्या टाकीतलं थोडं पाणी त्यांनी बरणीत भरून आणलं होतं; माशांच्या दुकानदाराने त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं; हिरवंगार झालं.

"विष साठलंय. काकू, दगड धुतलेत का?"

"मी काय खुळी आहे? दगड कोण धुतं?"

घड्याळजींना वाटलं, गप्प राहावं. दुकानदार दुसरं काहीतरी कारण काढेल, पाणी, मीठ, काहीही.

"मी धुतले," ते म्हणाले. "नळाखाली. ब्रशने."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती बादलीतच बघत राहिली.

"काका, त्या घाणीतच सगळा जीव असतो," दुकानदार म्हणाला. "माशांची घाण पचवणारे जंतू. ते गेले, आता मासे आपल्याच घाणीत गुदमरतायत. यांना माझ्याकडे ठेवा. हा एक घाणेरडा दगड घरी न्या, टाकीत ठेवा. महिना-दीड महिन्यात टाकी तयार होईल. तोवर हात लावायचा नाही."

"पैसे?"

"दगड तसाच न्या. त्याला धुऊ नका म्हणजे झालं."

दोघांना कोपऱ्यातल्या टाकीत सोडलं. घड्याळजी वाकले, मोजू लागले. एकशे दहा. पुन्हा मोजले. एकशे पंधरा.

"आकड्यावर जाऊ नका, काका. उद्या सकाळी खाल्लं तर जगले म्हणायचे."

परत येताना ओल्या कागदात गुंडाळलेला दगड बायकोने स्वतःकडेच ठेवला. अर्ध्या रस्त्यात घड्याळजी थांबले.

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं मला. चाळीस वर्षं बघतेय." थोडं चालून तिने विचारलं, "दुकान किती वाजता उघडतं?"

"दहाला."

"नऊला जाऊ," ती म्हणाली.