सहा फेऱ्या

आमच्या शाळेला मैदान आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. जिल्ह्यात अशा कितीतरी शाळा आहेत की पोरानं जरा लांब उडी मारली तर ते शेजाऱ्याच्या न्हाणीत पडेल. आमचं तसं नाही. ऐसपैस, सपाट आणि कडक जमीन, सहा फेऱ्या मारल्या की बरोबर सहाशे मीटर. फक्त फेब्रुवारीपासून पुढं त्यावर हळद असते.

हळद ग्यानबाची. ग्यानबा आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष, आणि शाळेची जागा त्याच्या आजोबानं दान दिलेली. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आमची गाय मात्र दरवर्षी जुन्या धन्याकडं जाऊन दूध देऊन येते. शिजवलेली हळद वाळवायला सपाट जागा लागते, आणि गावात तशी जागा हीच. एक खेप उचलली की दुसरी येते, मग भावकीची येते. मुख्याध्यापक म्हणून मी कधी हरकत घेतली नाही. दरवर्षी पाच किलो हळदपूड माझ्या घरी बिनबोभाट पोचते, आणि तिचा रंग फार चांगला असतो.

त्या दिवसांत मधली सुट्टी म्हणजे व्हरांडा. खिचडी खायची आणि भिंतीला टेकून बसायचं. एखादं पोरगं पायरी उतरलं की ग्यानबाचा आवाज येतोच, "ए, कुणाचं हाय रे ते लेकरू? हळदीत पाय घातला तर तंगडं मोडीन!" अंगात वारं शिरलेली पोरं बसून बसून एप्रिलपर्यंत पोत्यासारखी होतात. पोत्यासारखा मीही आहे, पण मला सत्तावन्न झालीत. त्यांना दहा-बारा.

दिपा सातवीत होती, तांड्यावरची. सकाळी पाणी भरायचं, संध्याकाळी शेळ्या आणि धाकटा भाऊ. तिला स्वतःचा म्हणून जो काय वेळ मिळायचा तो मधल्या सुट्टीतला अर्धा तास. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत रोज त्या अर्ध्या तासात ती मैदानाला सहा फेऱ्या मारायची. अनवाणी, ओढणी कमरेला खोचून. मी पायरीवर उभा राहून बघायचो. मला आनंद व्हायचा, आणि या वयात मला फारशा कशाचा आनंद होत नाही.

तिच्यासाठी एक संधी होती. दरवर्षी सगळ्या शाळांनी मुलांची तंदुरुस्तीची चाचणी घेऊन आकडे ऑनलाइन भरायचे असतात. सहाशे मीटर दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आत पळणाऱ्या मुलींना हिंगोलीला निवड चाचणीला बोलावतात, आणि तिथं जमलं की निवासी क्रीडाशाळा. राहणं, खाणं, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं सरकारचं. वयाच्या अटीनं दिपाचं हे शेवटचं वर्ष होतं.

तिचा बाप जगन एकदा शाळेत आला होता तेव्हा पायरीवरच बसून म्हणाला, "गुरजी, आमच्या शाळंत सातवीपस्तोर. पुढं शिरड शहापूर, सात किलोमीटर. एकटी पोरगी म्या न्हाई धाडणार. तुमची ती पळायची शाळा मिळाली तर खुशाल जाऊ द्या. न्हाई तर बास झालं. तिच्या मामाचं पोरगं हाय, ते लोक इचारून राहिले."

"जगन, तू निश्चिंत राहा," मी म्हणालो. असलं बोलायला माझी जीभ फार तयार.

आकडे भरायची शेवटची तारीख एकतीस मार्च. वीस तारखेला मी ग्यानबापाशी विषय काढला. तो हळद उलथून घेत होता. "दोन दिस थांबा की सर," तो म्हणाला. "आता उचलली तर आतून वली ऱ्हाते, भाव पडतो." मी बरं म्हणालो. दोन दिवसांनी त्याच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर आला आणि मैदानाचा जो एक कोपरा मोकळा होता तोही पिवळा झाला.

दिपा रोज मधल्या सुट्टीत दाराशी येऊन उभी राहायची. "सर, आज?"

"उद्या बघू."

एकदा म्हणाली, "सडकेवर पळू का सर?"

"सडकेवर ट्रॅक्टर येतात. काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल."

तिनं हळदीकडं बघितलं. "मंग म्या कडंकडंनं हळद सरकवून वाट करते. पाय न्हाई लागू देत. पळून झालं की हाय तशी पसरून देते."

"ग्यानबा ऐकणार नाही," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मी त्याला विचारलंच नाही.

एकतीस मार्चला दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि एक्केचाळीस पोरं खुर्चीतल्या खुर्चीत पळवली. यात नवल काही नाही. मागल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, चार-दोन सेकंद इकडंतिकडं करायचे. दिपाच्या नावापाशी मात्र हात थांबला. ती दोन मिनिटं पाच सेकंदांत सहज येईल असा माझा अंदाज होता. पण न पळवता एवढा चांगला आकडा लिहिला, उद्या कुणी विचारलं की फोटो दाखवा, व्हिडिओ दाखवा, तर काय दाखवायचं? हळद? साधारण आकड्याला कुणी काही विचारत नाही. मी लिहिलं, दोन मिनिटं पंचवीस सेकंद.

चार एप्रिलला मैदान रिकामं झालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

निवड चाचणीला बोलावलेल्यांची यादी आठवड्याभरानं आली. तिच्यात आमच्या शाळेचं कुणी नव्हतं. मी तालुक्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाबूनं सांगितलं, "दुरुस्ती होते की सर, अजून चार दिवस. पण मुख्याध्यापकाच्या सहीचं पत्र लागेल, की आधीचा आकडा चाचणी न घेता भरला होता. सोबत नव्या चाचणीचा व्हिडिओ."

म्हणजे मी माझ्याच सहीनं लिहून द्यायचं की मी बसल्या जागी आकडे पाडले. एकाचं लिहून दिलं की उरलेल्या चाळिसांचं कोण विचारणार नाही? निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. मी फोन ठेवला आणि चहा सांगितला.

दिपाला यादीचं कुणीतरी सांगितलंच. ती मधल्या सुट्टीत आली.

"सर, माझं किती लिहिलं तुमी?"

"दोन पंचवीस."

तिनं मैदानाकडं बघितलं. मग म्हणाली, "पर म्या कवा पळाले?"

एवढा साधा प्रश्न मला गेल्या तेहतीस वर्षांत कुणी विचारला नसेल. मी म्हणालो, "दिवाळीनंतर मी मोजलं होतं. तुला न सांगता. तेच लिहिलं."

"तवा नुसतीच पळत व्हते सर म्या, खेळल्यावानी. आता मोजा. आता बघा."

मी नको म्हणायच्या आत ती पायरी उतरली होती. मैदानात अजून पिवळी माती होती. मी मोबाइल काढला. ती पळाली.

त्या सहा फेऱ्या मी कधी विसरणार नाही. पोरं ओरडायची थांबली आणि बघत उभी राहिली. शेवटच्या फेरीला माणसं दमतात, ही उलट सुटली. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचे डोळे मिटल्यासारखे झाले होते. मी बटण दाबलं. दोन मिनिटं दोन सेकंद.

ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली, मग वर बघितलं. पाय घोट्यापर्यंत पिवळे झालेले. "किती सर?"

पत्र लिहायला दहा ओळी पुरल्या असत्या. पोरीला आणखी एकदा पळायला लावून व्हिडिओ काढता आला असता. दिवसही होते. खरा आकडा सांगितला तर मात्र ती विचारणार, मग नाव का न्हाई, आणि जगन विचारणार, आणि मग मला ते पत्र लिहावंच लागणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात येऊन गेलं. मी मोबाइल खिशात घातला.

"दोन चोवीस," मी म्हणालो.

माझ्या तोंडाकडं ती बघत राहिली. मला वाटलं, हिला कळलं. पण तिला मास्तरावर अविश्वास ठेवायची सवय नव्हती.

"म्हंजी बराबरच लिहिलं व्हतं तुमी," ती म्हणाली. "मला वाटलं लई जोरात पळाले."

तिनं कमरेची ओढणी सोडली आणि पाय धुवायला नळावर गेली. मला तेव्हाच हाक मारायची होती. मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदान पोरांनी भरून गेलं होतं. शिवाशिवी, लंगडी, नुसता दंगा. दिपा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती.

"अगं, आता मैदान मोकळं आहे," मी म्हणालो. "जा, पळ की."

"नको सर," ती म्हणाली. "मला कुठं येतंय."