चित्र पुरं होईपर्यंत

थकले रे मित्रांनो! मी एक जुनी रंगपेटी, अक्रोडाच्या लाकडाची. बिजागऱ्या कुरकुरतात, झाकण तिरकं बसतं आणि पोटात वाळलेल्या हिरव्या रंगाचे पोपडे आहेत. न्यूयॉर्कच्या एका सुताराने मला घडवलं, तेव्हा मी अशी तकतकीत होते की चित्रकार ॲबनर व्हिटलॉक दुकानातच माझ्यावरून हात फिरवत बसला.

तेव्हाच्या चित्रकारांची रीत ठरलेली. उन्हाळ्यात डोंगरात जाऊन कच्ची चित्रं करायची आणि हिवाळ्यात शहरात, शेगडीपाशी बसून, त्यांवरून मोठं चित्र रंगवायचं. ॲबनर मला पाठीला बांधून कॅट्सकिलच्या डोंगरात न्यायचा. मुक्काम विधवा मार्गारेथाबाईंच्या घरी. त्यांच्या घरामागे हेमलॉकच्या उंच, काळोख्या झाडांचं बन होतं आणि बनाच्या मुळाशी एक झरा. घरचं सगळं पाणी त्या झऱ्याचं.

बन मात्र साइलस पेकहॅमच्या मालकीचं. त्याचा कातडी कमावायचा कारखाना. त्यासाठी हेमलॉकची साल लागते. झाड पाडायचं, साल सोलायची आणि खोड तिथंच कुजू द्यायचं! आजूबाजूचे उतार असेच बोडके झाले होते. पण या बनावर पेकहॅमचा जीव होता. तो ॲबनरला म्हणाला, "याचं भिंतभर चित्र काढून दे. चित्र पुरं होईपर्यंत कुऱ्हाड लावत नाही. शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी मार्गारेथाबाईंनी ॲबनरच्या धिरड्यांवर मेपलचा पाक जरा जास्तच ओतला.

"काकू, लाच देताय की काय?"

"देतेय की! झाडं गेली की झरा आटणार. पलीकडच्या होल्टांचा आटलाच ना? या वयात मी दरीतून पाणी वाहू? तू आपलं सावकाश रंगव, बाळा. उन्हाळा सरला की साल सुटत नाही. एक उन्हाळा टळला की वर्ष मिळालं."

ॲबनर हसला आणि कबूल झाला. मग काय, तीन-चार उन्हाळे आमचं कामच संपेना! कधी ढग मनासारखे नाहीत, कधी पानांचा रंग जमत नाही. पेकहॅम वैतागून म्हणायचा, "अरे, देवानं अख्खं जग सहा दिवसांत केलं!"

"देवाला कुणी बैठक मोडून जेवायला बोलवत नव्हतं, साहेब."

मार्गारेथाबाई आत तोंडाला रुमाल लावून हसायच्या. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

पण एका हिवाळ्यात शहरात मोठं प्रदर्शन ठरलं. मित्र टोमणे मारू लागले, "व्हिटलॉक, तुझं चित्र आहे तरी का, की नुसतीच अफवा?" ते त्याला फार लागलं. तो चित्रापुढे ठाण मांडून बसला. माझ्यातल्या नळ्या पिळून पिळून रिकाम्या झाल्या. बोडके उतार त्याने चित्रात घेतलेच नाहीत. तिथंही गर्द झाडं उभी केली. शेवटी कोपऱ्यात सही केली. मार्गारेथाबाईंची आठवण त्याला त्या वेळी झाली नाही.

चित्र बघायला झुंबड उडाली. बायका डोळे टिपत होत्या. पेकहॅमने ते घरी नेऊन शेगडीच्या वरच्या भिंतीवर टांगलं आणि समाधानानं म्हणाला, "आता हे बन कुठं जात नाही." वसंतात झाडांना रस चढून साल सुटू लागली तशी त्याने माणसं डोंगरात पाठवली.

आम्ही पोचलो तेव्हा उतारावर सोललेली पांढरी खोडं आडवी पडली होती. मार्गारेथाबाई दोन बादल्या घेऊन दारात उभ्या होत्या.

"काकू, ते प्रदर्शन होतं, म्हणून..."

"छान झालंय म्हणे चित्र. झरा काढलायस त्यात?"

"काढलाय."

"मग पाण्याला तिकडे जाऊ का मी?"

ॲबनरने मला ओट्यावर ठेवलं आणि त्यांच्या हातातल्या बादल्या घेऊन दरीत उतरला. पण तो पाहुणा. पानगळ सुरू झाली तसा मला तिथंच ठेवून निघून गेला.

मित्रांनो, ते चित्र आज मोठ्या संग्रहालयात आहे म्हणतात. लोक त्याच्यासमोर उभे राहून म्हणतात, त्या काळच्या माणसांचं निसर्गावर केवढं प्रेम! होतं रे, खोटं नाही. पेकहॅमचंही होतं. तुम्हीही आवडत्या झाडाचं चित्र जरूर काढा. पण चित्र झालं म्हणजे झाड राखलं, असं समजू नका. मार्गारेथाबाई शेवटपर्यंत दरीतूनच पाणी आणत होत्या.