ढोल्याचे कान

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी बँड वाजत. संध्याकाळचे कार्यक्रम शेजाऱ्यांनी बंद पाडले होते, आणि रॉक ही काही भर उन्हात ऐकायची गोष्ट नव्हे, असं कुरकुरत का होईना, माणसं जिना चढून येत. ताई डाव्या भिंतीला टेकून उभी राही, कारण तिथून ड्रमवर बसलेला धाकटा भाऊ नीट दिसे. त्याला सगळे ढोल्या म्हणत. अंगामुळे की वाद्यामुळे, ते ज्याने त्याने ठरवावं.

ताई इस्पितळात लोकांचे कान तपासायची. कानात बोळे घालून ती या गोंगाटात उभी राही, पण एकही रविवार चुकवत नसे. मोठ्या कार्यक्रमात गाणारा मुंगीएवढा दिसतो. इथे त्याच्या सदऱ्याचं लोंबणारं बटणसुद्धा दिसायचं. मध्येच माइक मुका व्हायचा, गिटारची तार तुटायची, आणि ती बदलेपर्यंत ढोल्या एकटाच किल्ला लढवायचा. तिला तेच फार आवडे.

गेले काही महिने मात्र ढोल्या सिंबलवर, म्हणजे ड्रमच्या पितळी झांजेवर, असा तुटून पडत होता, की बाकी सगळं त्याखाली गाडलं जाई. बँडचा गायक एरवी सायकली दुरुस्त करायचा. एकदा तो जिन्यात ताईला गाठून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला. हळू वाजव म्हणून ढोल्याला सांगून सांगून जीभ झिजली होती. बाकीचे दुसरा ड्रमर बघू म्हणत होते.

"ताई, ते त्याला सांगायची माझी छाती नाही," तो म्हणाला. "आधी तुम्ही काय ते बघा."

ताईला शंका आलीच होती. कान बिघडू लागले की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आपलं सिंबल आपल्यालाच ऐकू येईना, म्हणून हा जोर लावत असणार. ढोल्याने बरेच आढेवेढे घेतले, तिच्या यंत्राची टिंगल केली, आणि शेवटी इस्पितळात आला. जाड गाद्यांच्या भिंतींच्या त्या खोलीवजा पेटीत तिने त्याला बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. काचेबाहेर बसून ती एकेक सूर सोडू लागली. सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं आणि तिच्यासमोरचा दिवा लागायचा.

दिवा दर वेळी लागला. सर्वात उंच, सर्वात हलक्या सुरालाही लागला. इतके तीक्ष्ण कान तिने शाळकरी पोरांचेही पाहिले नव्हते. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात परिचारिका काहीतरी विचारायला डोकावली. ताईने मान वळवली, हात थांबला, सूर काही गेला नाही. दिवा लागला.

परिचारिका गेल्यावर ताई हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. दिवा पुन्हा लागला, आणि पुन्हा. अगदी ठेक्यात.

दोन सुरांमधलं अंतर कधी सारखं ठेवू नये, हे ती शिकाऊ मुलींना घोकून घ्यायची. आणि आज समोर हा बसलेला पाहून तिचाच हात बँडच्या पहिल्या गाण्याच्या लयीत चालला होता. तिला आधी हसू आलं. मग डोळे भरले.

तिने तपासणी नव्याने सुरू केली. या वेळी बाहेरच्या वऱ्हांड्यातून कुणी गेलं की एक सूर, कुणी नाही तर नाही. माणसं काही ठेक्यात चालत नाहीत. उंच सुरांना दिवा विझलेलाच राहिला.

दार उघडून ती त्याच्यासमोर बसली.

"मी काहीच वाजवलं नव्हतं, तरी तू दाबत होतास."

"मला वाटलं, हळू वाजवलंस," ढोल्या म्हणाला. मग त्याने विचारलं, "म्हणजे आता वाजवणं सुटलं का माझं?"

तो विनोद करत नव्हता. ताईने तपासणीचा आलेख त्याच्या हातात दिला नाही.

"गेलेले सूर परत येणार नाहीत. एरवी कानाला यंत्र लावायचं. ड्रमवर बसताना बोळे घालायचे, नाहीतर मीच तुला बसू देणार नाही. पण न वाजलेल्या सुराची वेळ तुला कळते, मग सिंबल ऐकायची गरजच काय तुला? हातावर भरवसा ठेव आणि हळू मार."

"किती हळू?"

"मी सांगेन."

पुढच्या रविवारी ती भिंत सोडून थेट ड्रमसमोर जाऊन उभी राहिली. त्याचा हात चढला की ती तळवा खाली करायची. तो तोंड वाकडं करायचा आणि ऐकायचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत तळवा हलवायची वेळच येईना, तेव्हा तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

कार्यक्रम संपल्यावर गायक घाम पुसत ड्रमपाशी आला.

"दुसऱ्या ड्रमरचं राहू द्या," तो ताईला म्हणाला. "पण आज लोकांना माझे शब्द ऐकू गेले. इतकी वर्षं मी तोंडाला येईल ते गातोय. आता खरंच काहीतरी लिहावं लागेल."

ढोल्याने ताईकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

तिने खाली वाकून, त्याच्या कानातला बोळा काढून, सावकाश, पहिल्यापासून सगळं सांगितलं.