तिसऱ्याच्या हातातली दांडी

मी एक जुना लोखंडी तराजू आहे. एक दांडी, मध्ये काटा, दोन पारडी, आठ साखळ्या आणि वीस किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंतची अकरा वजनं, एवढा माझा संसार. प्रत्येक वजनावर तीन राज्यांचे शिक्के आहेत. आमचं शहर जागचं हललं नाही. सरहद्दच त्याच्या अंगावरून इकडेतिकडे सरकत राहिली.

मित्रांनो, आमच्या बाजारचौकात चार भाषांचे लोक होते आणि तोलण्याची एक रीत होती. विकणारा एका भाषेचा, घेणारा दुसऱ्या भाषेचा, तर दांडी धरणारा तिसऱ्याच भाषेचा हवा. लोकरवाले आणि धान्यवाले तावातावानं भांडत, पण काटा स्थिरावला की दोघंही गप्प. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग लढाई झाली. एका भाषेच्या लोकांनी शहर सोडावं, असा हुकूम निघाला. घरटी वीस किलो सामान, त्याहून जास्त नाही. ते तोलायला मलाच टांगलं. दांडी मापाडीकाकांनी धरली. ते ना हुकूम देणाऱ्यांच्या भाषेचे, ना जाणाऱ्यांच्या. रीत पाळली गेली.

काकांच्या शेजारची शिंपीणबाई सासूला घेऊन आली. तिच्या गाठोड्यात शिलाई मशीन होतं. तेच तिचं पोट. गाठोडं बावीस किलो शंभर ग्रॅम भरलं.

ती हळूच म्हणाली, "भावोजी, जरा बोट लावा की. इतकी वर्षं नुसतं सरळ धरून काय मिळालं तुम्हाला?"

"वहिनी, लावलं असतं. पण सरहद्दीच्या पुलावर पुन्हा तोलतात. तिथं जास्त भरलं, तर मशीनच ठेवून घेतात."

सासू पुढे झाली. "माझी रजई काढ."

"आई, घाटात बर्फ आहे!"

"असू दे. मशीन इथंच राहिलं तर पुढे खाशील काय, रजई?"

शिंपीणबाईनं रजई काढली. गाठोडं वजनात बसलं. सासूनं पदर घट्ट लपेटला आणि दोघी पुलाच्या दिशेनं गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात काकांच्या लोकांनाही जावं लागलं आणि त्यांच्यामागून चौथ्या भाषेच्या लोकांनाही. आता चौकात एकच भाषा आहे. दांडी धरायला तिसरा आणायचा कुठून? मी गोदामात पडून आहे. साखळ्यांना गंज चढलाय. कुणी पुसून तेल लावलं, तर बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याआधी एक करा. तुमच्या गल्लीत वेगळी भाषा बोलणारं एखादं घर असेल, तर त्याला जपा. ते गेलं, की मग नुसत्या तराजूचा काही उपयोग नसतो.

शिंपीणबाई गेली त्या दिवशी चौक रिकामा झाल्यावर मापाडीकाकांनी ती रजई उचलली, घडी घातली आणि माझ्या पारड्यात ठेवली. काटा थांबेपर्यंत ते उभे राहिले.

दोन किलो दोनशे ग्रॅम.