अकरा घरांचा सोयरा

रविवारी सकाळी डेल्फिना चर्चच्या आवारात येरझाऱ्या घालत होती. खांद्यावर दीड महिन्याची एलोदिया गाढ झोपली होती. चैन नव्हती ती आईच्या जिवाला.

नवऱ्याने, नाबोरने, तिला न विचारताच मुकादमाला शब्द देऊन टाकला होता: पोरीच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप तुम्हीच. क्रेसेन्सिओ मुकादम कोचेला खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांना मजूर पुरवायचा. बस त्याची, टोळी त्याची, आणि टोळीतल्या अकरा घरच्या पोरांचा धर्मबापही तोच. पोराच्या डोक्यावर पाणी पडलं की धर्मबाप आईबापांचा जन्माचा सोयरा होतो, आणि आपल्या लोकांत सोयऱ्यापुढे कुणी आवाज चढवत नाही. हे मुकादम पुरतं ओळखून होता. बाळाचा पांढरा झगा, बोकडाचं जेवण, सगळं हौसेने करायचा. लोक म्हणायचे, देवमाणूस. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

मंगळवारी द्राक्षं तोडता तोडता टोळीतली म्हातारी चोना उन्हाने कोसळली. पाण्याचं पिंप नऊ वाजताच कोरडं पडलं होतं. डेल्फिनाने बस काढायला सांगितलं. ओळ संपल्यावर बघू, मुकादम म्हणाला. तिने आशेने इकडेतिकडे पाहिलं, तर अकराही घरची माणसं वेलींत तोंड खुपसून बसलेली. चोना वाचली, पण अजून तिला धड उभं राहता येत नाही. नाबोरचं आपलं एकच पालुपद, सोयरीक झाली की बारमाही कामाची चिंता मिटली.

घंटा झाली. सगळे आत गेले. पाद्रीबाबांनी विचारलं, धर्मबाप कोण? इस्त्रीच्या सदऱ्यातला क्रेसेन्सिओ हसत पुढे झाला आणि त्याने बाळासाठी हात पसरले. डेल्फिनाने पोरीला घट्ट धरलं.

"हे नकोत, बाबा," ती म्हणाली. "मला यांच्याशी भांडायचंय."

मुकादमाचं हसू काही ढळलं नाही.

"अहो वहिनी, भांडा की. सोयऱ्याशी काय भांडता येत नाही?"

डेल्फिना बाकांकडे वळली. "सांगा ना. मंगळवारी कोण भांडलं?"

अकरा घरांतलं एकही माणूस मान वर करीना. पाद्रीबाबांनी हातातलं पाण्याचं भांडं हळूच खाली ठेवलं. दुसरा धर्मबाप शोधून पुढच्या रविवारी या, म्हणाले.

आता नवरा सगळ्यांदेखत ओरडणार, असं वाटून डेल्फिनाने नाबोरकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो जवळ आला, त्याने पोरीला तिच्याकडून घेतलं आणि मुकादमाच्या समोरून तिला दाराकडे घेऊन निघाला.

"चल," तो म्हणाला. "उद्यापासून दुसरा मुकादम बघायचाय. पिंप भरलेलं आहे का, ते त्याला तूच विचार. मला नाही जमायचं."